पॉटमधलं एन्झाइम

"माणसाचं काहीएक माझ्या फ्रिजमध्ये यायचं नाही," असं अक्कांनी बजावलं, तेव्हा मी थर्माकोलचं खोकं छातीशी धरून दारात उभी होते. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवसाची सकाळ होती, जळगावचं ऊन आत्तापासूनच डोक्यावर बसलं होतं आणि खोक्यातला कोरडा बर्फ मुंबईहून येता येता सगळा उडून गेला होता. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे.

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. आधीच्या वर्षी मी खाटकाकडून बकऱ्याचं रक्त आणलं होतं, प्रयोगासाठी. थंड ठेवायला दुसरं काही मिळेना, म्हणून चहाचा थर्मास नेला होता. घरी येऊन ओट्यावर ठेवला आणि पाय धुवायला गेले. तेवढ्यात शेजारचे नाना आले आणि अक्कांनी मोठ्या अगत्यानं त्यांच्या कपात थर्मास ओतला. घर माळकऱ्यांचं. अंडं घरात आलं तर अक्का उंबरा धुवायच्या. त्या दिवसानंतर नाना आमच्याकडे पाणीसुद्धा आधी वास घेऊन प्यायचे. मी आणलेली कुठलीही वस्तू अक्का लांबूनच विचारायच्या, "कोणाचं आहे ते?"

या वेळी मी सरळ सांगून बसले, "माणसाचं." माझ्या जिभेला हाड नाही, ते असं.

"वं माय!" अक्का दोन पावलं मागे सरकल्या. "मेलेल्याचं का जित्याचं?"

"कोणाचंच नाही हो अक्का. माणसातून काढलेलंच नाही."

"मग माणसाचं कसं?"

आता आली का पंचाईत! विद्यापीठातल्या लोकांना समजावताना मी 'पुनर्संयोजित मानवी विकर' असं म्हणायचे आणि ते मान डोलवायचे. अक्का मान डोलवणाऱ्यांतल्या नव्हत्या. मी खाली बसले, खोकं मांडीवर घेतलं आणि सांगितलं की आपल्या अंगात एक एन्झाइम असतं, ते कसं बनवायचं त्याची कृती आपल्या पेशीत लिहिलेली असते. परदेशातल्या लोकांनी ती कृती तेवढी उचलली आणि काचेच्या भांड्यात वाढवलेल्या दुसऱ्या पेशींच्या हवाली केली. त्या पेशी आता आपली कृती बघून आपलं एन्झाइम बनवतात. कोणाला टोचलं नाही, कोणाला कापलं नाही.

अक्कांनी बराच विचार केला. "म्हणजे कृती आपली, चूल दुसऱ्याची."

"अगदी तसंच."

"मग ते सोवळ्यात धरायचं का ओवळ्यात?"

याचं उत्तर मला आजतागायत कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही. शेवटी अक्कांनीच निकाल दिला. एन्झाइम स्टीलच्या डबीत घालायचं, डबी फ्रीझरच्या उजव्या कोपऱ्यात ठेवायची, डबीवर तुळशीचं पान ठेवायचं आणि डावीकडच्या आमरसाच्या डब्याला तिचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. मी सगळ्याला हो म्हटलं. त्या घटकेला त्या म्हणाल्या असत्या तर मी एन्झाइमची मुंजही लावली असती.

कारण माझा जीव त्या कुपीत अडकला होता. कुपी म्हणजे करंगळीच्या पेराएवढी, आणि आत दिसेल न दिसेल असा पाकासारखा थेंब. माझ्या पीएचडीची मुदत संपत आली होती, विद्यापीठानं शेवटची म्हणून वाढ दिली होती, आणि घरात ठरलं होतं की हा उन्हाळा गेला की ते खूळ बंद, जूनपासून हायस्कूलवर शिकवायला जायचं. आमच्या सरांनी कुठे कुठे हातापाया पडून ती कुपी मिळवली होती. "ही शेवटची," त्यांनी सांगितलं होतं, "ही गेली की तुझा प्रबंध गेला. पुन्हा मागायला मला तोंड नाही." शून्याच्या खाली वीस अंश ठेवायचं, गरम होऊ द्यायचं नाही, हलवायचं नाही. फेस आला की मेलं. सरांनी हे मला इतक्यांदा बजावलं होतं की झोपेत कुणी हलवलं तर मी "फेस! फेस!" म्हणून उठायचे.

विषय आमचा इथलाच होता. कपाशीवर जे औषध फवारतात ते माणसाच्या अंगात या एन्झाइमचं काय करतं, एवढंच मला बघायचं होतं. बकऱ्याच्या रक्तावर करून झालं होतं. पण परीक्षक पहिल्यांदा हेच विचारणार होते, की बाई, फवारणी काय बकरं करतं का?

आता ती कुपी कॉलेजच्या मोठ्या फ्रीझरमध्ये न जाता अक्कांच्या फ्रिजमध्ये का, तर कॉलेजची वीज आदल्या दिवसापासून गेलेली. आखाजीच्या तोंडावर वायरमन कुठला सापडायला! म्हणून कुरिअरवाल्याला मी घरचाच पत्ता दिला होता. माझे यजमान धुळ्याला नोकरीला, ते शनिवारी उगवायचे. त्यामुळे घरात मी आणि अक्का, आणि आता उजव्या कोपऱ्यात तुळशीपत्राखाली एन्झाइम.

जेमतेम तासभर झाला असेल. गल्लीच्या तोंडाशी फाडकन आवाज झाला, धूर निघाला, आणि सगळ्या घरांतले पंखे एकदम थांबले.

"डीपी जळाली!" कुणीतरी ओरडलं. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरला डीपी म्हणतात, आणि डीपी जळाली म्हणजे दोन दिवसांची निश्चिंती.

मी मटकन खाली बसले. खरं सांगते, मला रडूच आलं. घरातला फ्रिज म्हातारा, दार नीट लागत नव्हतं, फ्रीझरमधलं पाणी वितळून थेंब थेंब गळायला लागलं. आमरसाचं काय होईल म्हणून अक्का हळहळत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर हायस्कूलची घंटा वाजत होती.

आणि मग मला माळ्यावरचा पॉट आठवला.

आइस्क्रीमचा पॉट ज्यानं पाहिला नाही त्याच्यासाठी सांगते. लाकडी बादली, तिच्यात मधोमध पत्र्याचा उंच डबा, डब्यावर झाकण, झाकणावर दांडा, तो हातानं फिरवला की आतला डबा गरगर फिरतो. डब्यात दूध आणि आंब्याचा रस घालायचा, बादलीत बर्फ आणि खडे मीठ भरायचं आणि हात दुखेस्तोवर फिरवत राहायचं. आंब्याच्या दिवसांत आमच्याकडे घरोघर तो निघायचा. आणि बर्फात मीठ पडलं की ते शून्याच्या पार खाली जातं, थेट आमच्या एन्झाइमला हवं तितकं. हे मी वर्गात शिकले होते, पण तोवर कधी मनापासून पटलं नव्हतं.

अक्कांनी पॉट काढून दिला. "धुऊन द्यायचा हं परत," एवढंच म्हणाल्या. मी डब्यातली ढवळायची फळी काढली, कुपीची डबी मध्ये ठेवली, चारही बाजूंनी घरचा कापूस ठासून भरला म्हणजे हलायला नको. बर्फाच्या कारखान्यातून लादी आणवली, फोडली, मीठ घातलं, झाकण गच्च लावलं, वर ओलं पोतं टाकलं. पॉट मागच्या ओसरीत सावलीला ठेवला. बादलीला हळूहळू पांढरी बुरशी धरल्यासारखं हिव धरलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. अक्का शेजारी पापड लाटायला गेल्या आणि मी छत्री घेऊन कॉलेजवर गेले, वीज कधी येते ते बघायला.

इथे माझं गणित चुकलं. पॉटचं नाही, मामांचं.

मामा म्हणजे अक्कांचे धाकटे भाऊ, धरणगावजवळच्या खेड्यावर शेती करणारे. आखाजीला माहेरी न्यायला भाऊ येतो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. अक्का साठीच्या पुढे गेल्या तरी मामा दर वर्षी न चुकता मुऱ्हाळी म्हणून यायचे, पांढरं धोतर, टोपी, आणि हातात आंब्याची पाटी. दर वर्षी अक्का म्हणायच्या, "आता काय रे भाऊ, मी म्हातारी," आणि पिशवी मात्र आधीच भरून ठेवलेली असायची.

मामांची एक गोष्ट आमच्या घरात प्रत्येक लग्नकार्यात निघायची. बऱ्याच वर्षांपूर्वी, कपाशीच्या दिवसांत, मामा भर दुपारी शेताच्या बांधावर पडलेले सापडले. तोंडातून लाळ, हातपाय उडतायत, डोळ्यांना धड दिसत नाही, बोलणं अडखळतंय. बैलगाडीत घालून गावात आणले. माळकरी माणूस पिऊन पडला! गावभर झालं. भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या गळ्यातली माळ उतरवून घेतली आणि टाळ काढून घेतले. मामा दोन दिवसांनी उठून बसले ते एकच सांगत, "मी पेल नव्हतू." मी प्यालेला नव्हतो. पण कोण ऐकतंय! पुढे ती घरातली थट्टाच झाली. पंगतीत कुणी ताकाचा पेला पुढे केला की दुसरा म्हणायचा, "मामांना जरा जपून वाढा रे." सगळे हसायचे. मामा तेवढे हसायचे नाहीत. पानात बघत दर वेळी तेच म्हणायचे, "मी पेल नव्हतू," आणि त्यावर लोक आणखी हसायचे. गळ्यात त्यांनी पुन्हा माळ घातली नाही.

तर त्या दिवशी मामा आले तेव्हा घराला नुसती कडी होती. हातपाय धुऊन ते मागच्या ओसरीत गेले आणि त्यांना पॉट दिसला.

खान्देशातल्या माणसाला आखाजीच्या तोंडावर, भर उन्हात, बर्फ-मीठ भरलेला पॉट नुसताच उभा दिसावा! त्याला पुढे विचार करायची गरजच नसते. डीपी जळालीय, बर्फ वितळतोय, आतलं दूध नासणार, आणि घरातल्या बाया कुठेतरी गेल्यात. मामांना ते बघवलंच नाही.

"बर्फ टाकेल शे, मीठ टाकेल शे, अन् फिरावाले कोनी नही! काय घर शे हाई!" असं ते भिंतीपलीकडच्या नानांना म्हणाले, हे नानांनीच मला नंतर सांगितलं. मग त्यांनी पाट घेतला, सदऱ्याच्या बाह्या सारल्या, आणि माझं एन्झाइम फिरवायला बसले.

पॉट फारच हलका चालतोय हे त्यांच्या लक्षात आलं. आत फळीच नाही, तर हलकाच चालणार. पण मामांनी त्याचा अर्थ आपल्या अनुभवानं लावला, की अजून घट्ट व्हायला लागलेलं नाही, थंडावा कमी पडतोय. झाकण उघडून बघावं म्हणाल तर छे, पॉटचा पहिला नियम, मध्येच उघडलं की आत मीठ जातं आणि सगळं खारट होतं. त्यांनी बर्फ मागवला. आणखी मीठ मागवलं. त्यांचा हात भरून आला तेव्हा नाना भिंतीवरून उतरून आले. नानांनंतर शिंपी आला. गल्लीत वीज नाही, पंखा नाही, करायला काही नाही, आणि अक्कांकडे पॉट फिरतोय ही बातमी लागली. मामांचं मन मोठं. "बठ्ठा जन वाट्या लई या," त्यांनी सांगून टाकलं, म्हणजे सगळ्यांनी वाट्या घेऊन या.

मी कॉलेजवरून परत आले. वीज उद्या सकाळी नक्की येणार असं वायरमननं शपथेवर सांगितलं होतं, त्यामुळे मी खुशीत होते. गल्लीत शिरले तर आमच्या दारापासून माणसं बसलेली. सगळ्यांच्या हातात वाटी आणि चमचा. मला वाटलं कुणाचं बारसं आहे.

"या या," शिंपिणीनं जागा करून दिली, "व्हायलाच आलंय."

"काय व्हायला आलंय?"

"तुमचंच आइस्क्रीम की!"

मला धड चप्पल काढल्याचंही आठवत नाही. ओसरीत पोचले तर मामा घामानं निथळतायत, धोतर वर खोचलेलं, आणि दांडा असा गरागरा फिरतोय की बादली जागेवर नाचतेय. हलवायचं नाही! फेस! माझ्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी पुन्हा कधी काढू शकले नाही.

"हात काढा! हात काढा त्या दांड्यावरून!"

मामांचा हात तिथेच थबकला. सून मामेसासऱ्यावर ओरडली, तेही गल्लीसमोर. वाट्यांचा आवाज बंद झाला. मी झाकणाला झोंबले, थंडीनं ते पक्कं बसलं होतं, शेवटी नानांनी वरवंट्यानं ठोकून सैल केलं. सगळी गल्ली वाट्या घेऊन वाकली. आत कापूस. कापसात स्टीलची डबी. डबीत करंगळीच्या पेराएवढी कुपी.

"एवढंसंच?" मागून कुणीतरी म्हणालं.

मी ते बघत उभी राहिले. तेवढ्यात पिठाचे हात घेऊन अक्का शेजारून धावत आल्या. त्यांनी माझं तोंड बघितलं, उघडा पॉट बघितला, मामांकडे बघितलं, आणि चिडून बोलून गेल्या, "काय रे भाऊ, आज पण सकाळीच घेतली का?"

दोघं-तिघं हसले. मामा हसले नाहीत. त्यांनी दांडा हळूच सोडला, खोचलेलं धोतर खाली घेतलं. "मी पेल नव्हतू," असं या वेळी ते म्हणालेसुद्धा नाहीत. ते मला विचारत होते, "मरी गयं का ते?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "उद्या कॉलेजात गेल्यावर कळेल." आणि मी तिथेच पायरीवर बसून भोकाड पसरलं. लाज बिज सगळी गुंडाळून ठेवली होती.

मामांनी डबी पुन्हा कापसात नीट ठेवली, झाकण लावलं, बर्फ भरला, मीठ टाकलं, आणि पॉटजवळ पाट घेऊन बसले. फिरवायचं नाही, एवढं त्यांना कळलं होतं. अक्का दोनदा जेवायला बोलवायला गेल्या तर म्हणाले, "बर्फ कमी पडी." त्या रात्री आमच्या घरात त्या पॉटची जेवढी सेवा झाली तेवढी बाळंतिणीचीही होत नाही. गल्लीला अक्कांनी कैरीचं पन्हं पाजून वाटेला लावलं.

दुसऱ्या दिवशी आखाजी. सगळं जळगाव पुरणाच्या वासानं भरलेलं, आणि आम्ही तिघं रिक्षात, मध्ये पॉट. माहेरी जायचं राहिलं होतं. मामांनी सांगून टाकलं होतं की निकाल लागेपर्यंत ते हलणार नाहीत. मुऱ्हाळ्यानं बहिणीला प्रयोगशाळेत नेल्याचं हे खान्देशातलं पहिलंच उदाहरण असावं.

सर पुरणपोळीच्या ताटावरून उठून आले होते, त्यामुळे आधीच वैतागलेले. पॉट बघून त्यांनी चष्मा काढला आणि पुसला. मी काय झालं ते सांगितलं. फिरवल्याचंही सांगितलं. ते फक्त म्हणाले, "फिरवलं? म्हणजे किती फिरवलं?"

"हात दुखस तोवर," मामांनी मागून प्रामाणिकपणे सांगितलं.

प्रयोग साधा होता. काचेच्या नळीत पाणी आणि दोन रसायनं, सगळं पांढरं, म्हणजे पाण्यासारखंच. त्यात एन्झाइमचा कण टाकायचा. एन्झाइम जिवंत असेल तर ते आपलं काम करतं आणि पाणी पिवळं होतं. मेलं असेल तर काहीच होत नाही. मी कुपी उघडली. सरांनी नळी धरली. कण आत पडला.

काही नाही. पांढरं.

"झालं," मी म्हटलं.

"गप," सर म्हणाले.

आणि मग नळीच्या बुडाशी, लिंबाच्या सालीचा हलका रंग उतरावा तसं काहीतरी दिसलं. ते वर चढलं. बघता बघता सगळी नळी पिवळीजर्द, हळदीच्या अंगासारखी. मी किंचाळले. सरांनी, ज्यांना आम्ही कधी हसताना पाहिलं नव्हतं, त्यांनी मामांची पाठ थोपटली. ते म्हणाले की पाकात असल्यामुळे फेस धरला नसावा आणि मामांनी बर्फ-मीठ ओतत राहिल्यामुळे थंडावा जराही उतरला नाही.

"जित्तं शे?" मामांनी विचारलं.

"जिवंत आहे मामा!"

"बरं झायं," म्हणाले आणि टोपी काढून डोकं पुसलं. माझा प्रबंध वाचला होता आणि मला वेड्यासारखं हसू येत होतं.

मी तिथेच थांबले असते तर घरी जाऊन पुरणपोळी खाल्ली असती. पण सर म्हणाले, "आलीच आहेस तर औषधाचंही बघून घे." मी कपाटातून फवारणीच्या औषधाची बाटली काढली, पार पातळ केलेलं होतं ते, तरी झाकण उघडताच लसणासारखा उग्र वास आला. मामा एकदम उठून उभे राहिले.

"हाई तर आमनं फवाराचं," ते म्हणाले. वास त्यांनी लगेच ओळखला.

दुसऱ्या नळीत मी आधी औषधाचा थेंब टाकला, मग एन्झाइम, थोडं थांबून रसायनं. आम्ही बघत राहिलो. ती नळी पांढरीच राहिली. पहिली पिवळी, दुसरी पांढरी, शेजारी शेजारी.

"ते काय शे?" मामांनी विचारलं.

आणि मी सांगायला लागले, वर्गात सांगावं तसं, कारण मी खुशीत होते. म्हटलं, मामा, मेंदूचा निरोप हातापायांना पोचतो तो घंटी वाजल्यासारखा. घंटी वाजली की बोट काढायला लागतं. हे एन्झाइम ते बोट काढतं. औषध अंगात गेलं की एन्झाइम बंद पडतं, मग घंटी वाजतच राहते. तोंडातून लाळ सुटते, हातपाय उडायला लागतात, डोळ्यांची बाहुली बारीक होते, धड दिसत नाही, बोलणं अडखळतं, आणि माणूस पडतो. बघणाऱ्याला वाटतं की हा...

मी तिथे थांबले. अक्का माझ्याकडे बघत होत्या.

मामा स्टुलावर बसले. त्यांनी दोन्ही नळ्या हातात घेतल्या, उजेडात धरल्या. पिवळी बघितली, पांढरी बघितली.

"परत दखाड," ते म्हणाले.

मी पुन्हा करून दाखवलं. एन्झाइमचा कण न् कण मोलाचा होता, तरी सरांनी अडवलं नाही. पुन्हा तसंच झालं.

"त्या दिवशी वारा उलटा होता," मामा सरांना म्हणाले. सरांशी बोलताना ते पुस्तकी मराठी बोलायला लागले होते. "पंप गळत होता माझा. सदरा सगळा भिजला होता पाठीवर. मी सांगितलं होतं सगळ्यांना."

"बरोबर आहे तुमचं," सर म्हणाले.

एवढंच. मामांना बरोबर आहे असं त्या बाबतीत कुणीतरी पहिल्यांदा म्हटलं असेल. त्या नळ्या गावी न्यायच्या, असं ते म्हणाले. मी सांगितलं की उशिरा का होईना, पांढरीही आपोआप पिवळी पडते, गावी पोचेपर्यंत दोन्ही सारख्याच दिसतील. मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ज्यासनी माळ उतारी त्या म्हातारा आते कोनी ऱ्हायना नहीत." ज्यांनी माळ उतरवली ते म्हातारे आता कुणीच उरले नव्हते.

परत येताना पॉट रिकामा होता. निम्मा रस्ता संपेपर्यंत अक्का बाहेर बघत होत्या. मग रिक्षाच्या आवाजात, भावाकडे न बघता म्हणाल्या, "भाऊ, तुला गाडीतून आणलं ना, तेव्हा मी माहेरीच होते. तुझ्या तोंडाचा वास घेतला होता."

"माले माहीत शे," मामा म्हणाले. "मी शुद्धीवर व्हतू थोडासा."

"दारूचा वास आला नव्हता."

मामांनी मान हलवली. "तेबी माहीत शे."

मी दोघांच्या मध्ये रिकामा पॉट धरून बसले होते आणि कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

घरी पोचलो तर डीपी अजून तशीच. अक्कांनी आल्या आल्या पॉट घासून घासून धुतला, आतली फळी बसवली, मामांनी आणलेल्या पाटीतल्या आंब्यांचा रस काढून दुधात घातला. पोराला पाठवून बर्फ आणवला. मामांनी सवयीनं बाह्या सारल्या आणि पाट ओढला, तर अक्कांनी तो पाट त्यांच्या हातातून काढून घेतला.

"तू बस," त्या म्हणाल्या. "आज मी फिरवते."

"तुनाथीन व्हनार नही अक्का," मामा म्हणाले. तुझ्यानं व्हायचं नाही.

अक्कांनी पदर खोचला आणि दांडा धरला. त्यांचे गुडघे दुखायचे, हाताला मुंग्या यायच्या, नाना भिंतीवरून "मी येतो" म्हणत होते, मीही दोनदा हात पुढे केला. त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. आइस्क्रीम घट्ट झालं, दांडा जड झाला, त्या दोन्ही हातांनी ओढायला लागल्या, घाम आणि डोळ्यांतलं पाणी एकत्र हनुवटीवरून गळायला लागलं. मामा समोर ओसरीच्या खांबाला टेकून, हातात वाटी घेऊन, बहिणीकडे बघत बसले होते. पहिली वाटी त्यांना मिळाली. त्यांनी चमचाभर तोंडात घातलं आणि म्हणाले, "खारट झायं थोडं."

"खा गुपचूप," अक्का म्हणाल्या आणि त्यांच्या वाटीत आणखी वाढलं.